उष्णतेची हमाली

नांदेड, मे महिना

चि. भाचीस,


तुझा निरोप आणि सोबतचे लाइट बिलाचे नि दुकानाचे फोटो मिळाले. सासऱ्यांनी हैदराबादच्या बेगम बाजारातलं दुकान तुझ्या हाती सोपवलं आणि तू पहिल्याच उन्हाळ्यात बिलावर बोट ठेवलंस, हे मला फार आवडलं. व्यापाऱ्याच्या घरात बदामाच्या भावावर तासभर वाद चालतो, बिल मात्र महिन्याच्या महिन्याला मुकाट भरलं जातं. तू विचारलंस, "मामा, दुकानातले जुने फ्रिज-फ्रीजर काढून नवे घेऊ का?" फोनवर सांगितलं असतं तर "हौ, हौ" करून मोकळी झाली असतीस. म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर आधी देतो: आज काही विकत घेऊ नकोस. आहेत ती मशीनं नीट चालव, मग मोज, आणि मग पैसे काढ. हा क्रम उलटा केलास तर नवं मशीनही त्याच कोपऱ्यात, त्याच धुळीत, त्याच उकाड्यात उभं राहील आणि दोन उन्हाळ्यांत जुन्याइतकीच वीज खायला लागेल. जन्मभर हैदराबादेत फ्रिज आणि कूलर दुरुस्त केले. ज्या मशीनला लोक म्हातारं म्हणून शिव्या देत होते त्यातली कितीतरी नुसती घुसमटलेली होती.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. फ्रिजमध्ये थंडी तयार होत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच ते मशीन करतं. तुझ्या दुकानासमोरून दिवसभर हमाल जातात. पोतं गल्लीतून सपाटीवर न्यायचं असेल तर हमाल एक भाव सांगतो, तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामात चढवायचं म्हटलं की दुसरा. कॉम्प्रेसर हा तसाच हमाल. आतलं गार तापमान हा त्याचा तळमजला. मशीनच्या मागे किंवा खाली जी गरम जाळी असते, म्हणजे कंडेन्सर, तो वरचा मजला. दोघांत जितकं अंतर तितके जिने जास्त. पोती किती चढवायची, हे आत उष्णता किती शिरते त्यावर ठरतं. महिन्याचं बिल ही त्याची हमाली. ती कमी करायचे रस्ते दोनच: जिने कमी कर आणि पोती कमी कर. या पत्रात पुढे जे काही सांगेन ते या दोनांपैकी एकात बसतं.

याचं गणित सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली एका छोट्या पुस्तकात मांडलं. त्याच्यासमोर वाफेचं इंजिन होतं, पण तेच गणित उलटं फिरवलं की फ्रिजला लागू पडतं. समज, तुझ्या डीप फ्रीजरच्या आतली कॉइल उणे २५ अंशांवर आहे आणि कंडेन्सर ४५ अंशांवर. चढ ७० अंशांचा झाला. तोच कंडेन्सर धुळीने बुजून ६० अंशांपर्यंत तापला तर चढ ८५ अंशांचा. तेवढीच उष्णता बाहेर काढायला अगदी निर्दोष मशीनलाही २१ टक्के जास्त काम पडतं. आपली मशीनं निर्दोष नसतात, त्यामुळे त्यांना याहून जास्तच पडतं. वर कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड सारखा ट्रिप होतो, आणि ऐन लग्नसराईत खवा नासतो.

आता तुझ्या दुकानाकडे येऊ. निजाम अली खानांची पत्नी हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना जागा दिली आणि तिच्यावरून बाजाराला नाव पडलं, असं सांगतात. जागा तेव्हा मोकळी असेल. आज सिद्दीअंबर बाजारापासून उस्मानगंजापर्यंत हातभर भिंतही रिकामी सापडत नाही. दुकानाचं तोंड अरुंद, आतली लांबी भरपूर, मागे खिडकी नाही. मिरची, हळद, मसाले, पोत्यांचे तागाचे धागे, खोक्यांचा भुगा, सगळं हवेत तरंगत असतं. ही हवा पंखा ओढून घेतो आणि कंडेन्सरच्या बारीक पात्यांत अडकवतो. घरातल्या फ्रिजला तीन-चार महिन्यांनी झाडलं तरी चालतं. बेगम बाजारात हे काम महिन्याला झालंच पाहिजे.

पहिल्यांदा तू स्वतः कर, मग दुकानातल्या पोराला शिकव. आधी प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागवू नकोस. काचेच्या दाराच्या कूलरला खाली जाळीची पट्टी असते, तिचे स्क्रू काढले की आत कंडेन्सर दिसतो. नाकाला ओला रुमाल बांध. त्या धुळीत मिरची असते आणि पहिला हात फिरवताच शिंकांनी बेजार होशील. वर राखाडी-तांबूस थर असेल, बोटाने उचललास तर अख्खा पापुद्रा हातात येतो. तो आधी हाताने काढ. मग मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरव. आडवा फिरवलास तर पाती वाकतील आणि हवेची वाट कायमची अडेल. शेवटी ब्लोअर मार, तोही पंख्याच्या बाजूने, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. पंख्याची पातीही पूस. त्यांच्यावर पुटं चढली की पंखा फिरतो, पण वारा देत नाही. उघडा माल आसपास असताना हे काम करू नये. एका मशीनला अर्धा तास पुरतो. माझ्या अनुभवात एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही.

डीप फ्रीजरची गोष्ट वेगळी. पेटीसारख्या, वरून उघडणाऱ्या बऱ्याच फ्रीजरांत कंडेन्सरची नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. म्हणून त्याच्या बाजूच्या भिंती हाताला गरम लागतात. लोक घाबरतात, पण तो बिघाड नव्हे. उष्णता तिथूनच बाहेर पडते. तुझ्या फोटोत त्या भिंतींना टेकून काजूचे डबे आणि दोन पोती रचलेली दिसली. त्याने दोन्हींचं वाटोळं होतं: फ्रीजरची उष्णता अडते आणि काजू शेकून खवट होतात. सगळ्या बाजूंनी निदान वीतभर जागा सोड. जागेची किंमत मला माहीत आहे, बेगम बाजारात ती सोन्याच्या भावाने मिळते. पण वीतभर जागा वाचवून वर्षभर जास्तीचे जिने चढवणं हा तोट्याचा सौदा आहे.

मशीनने काढलेली उष्णता जाते कुठे? तुझ्याच दुकानात. रात्री शटर पडलं की चार मशीनं बंद खोलीत आपापली उष्णता ओकत राहतात, खोली तापते, आणि तीच तापलेली हवा त्यांना पुन्हा कंडेन्सर गार करायला वापरावी लागते. सकाळी शटर उघडताना जो गरम भपकारा तोंडावर येतो, तो हाच. शटरच्या खालच्या भागात भोकांची जाळीपट्टी आणि मागच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवून घे. खालून हवा आली आणि वरून गेली की रात्रभराचे जिने उतरले. दुकानात एसी लावायचा सासऱ्यांचा बेत असेल तर एवढं लक्षात ठेव की मशीनांनी बाहेर टाकलेली उष्णता एसी पुन्हा उचलणार. एकाच पोत्याची हमाली दोनदा द्यावी लागेल. मागच्या गोदामावर पत्रे असतील तर त्यावर पांढरा उष्णतारोधक रंग लाव. तेलंगणा सरकारने २०२३ साली थंड छपरांचं धोरणच आणलं, ते याच कारणासाठी.

आता नंबरांबद्दल. मशीनच्या आतल्या गोल बटणावर एक ते सात आकडे असतात आणि तुमच्या बाजारात ते बहुतेक ठिकाणी सातावर फिरवून ठेवलेलं असतं. सातावर ठेवलं म्हणून माल लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच वेगाने चालतो, फक्त थांबायचं त्याला कळत नाही. हे आकडे अंश सेल्सियसही नव्हेत. म्हणून साधा थर्मामीटर आण आणि पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून, मालाच्या मधोमध, रात्रभर ठेव. हवेचं तापमान दार उघडताच पळतं, पाण्याचं टिकतं. गोठवलेल्या मालाला उणे १८ पुरे, उणे २५ नको. पनीर, श्रीखंड, ताजा खवा यांना ५ अंशांच्या आत. बाटलीबंद पेयांना ५ ते ७ अंशही गारच लागतात. आतलं तापमान गरजेपेक्षा एक अंश खाली नेलं की वीज साधारण दोन ते चार टक्के वाढते, हा ढोबळ हिशेब धर.

सुक्या मेव्याची तुझी जी पद्धत आहे, म्हणजे उन्हाळा लागला की अक्रोड आणि चारोळी डीप फ्रीजरमध्ये ढकलायची, ती थांबव. अक्रोड, बदाम, पिस्ते, चारोळी यांच्यातलं तेल उष्णतेने खवट होतं हे खरं. त्यांना गारवा हवाच. पण तो ५ ते १० अंशांचा पुरतो. उणे १८ च्या जागेत अक्रोड ठेवणं म्हणजे पहिल्या मजल्यावर न्यायचं पोतं तिसऱ्यावर चढवणं. पिशवीचं तोंड हवाबंद असू दे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी दुकानाच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस. नाहीतर बाहेरची दमट हवा गार मेव्यावर पाणी होऊन बसते आणि बुरशी धरते. मोठा साठा असेल तर शीतगृहात जागा भाड्याने घेणं दुकानात जादा मशीन चालवण्यापेक्षा स्वस्त पडतं का, तेही एकदा पाहा.

जिने झाले, आता पोती. उष्णता आत शिरते ती दाराने, भिंतीने, मालाबरोबर आणि दिव्याने.

दाराचं रबर पाहा. दहाची नोट दारात धरून दार लाव आणि ओढ. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी असं कर, खालचा बिजागरीजवळचा कोपरा विसरू नकोस. बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. रबर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घे, त्याच्या चुण्यांत साखर आणि तेल साठून ते कडक होतं. वाकलं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेक दे, थोडं पूर्ववत होतं. फाटलं असेल तर बदल. रबर मशीनच्या मानाने फार स्वस्त असतं, आणि तरीही लोक तेच सर्वांत शेवटी बदलतात.

फटीतून नुसती गरम हवा येत नाही, हवेतली वाफ येते. ती आत कॉइलवर बसते, पाणी होते, मग बर्फ. एक किलो बर्फ जमला म्हणजे कॉइलने सुमारे पाऊण युनिट एवढी उष्णता शोषून घेतली. ती सगळी हमालाच्या पाठीवर. वर हाच बर्फ कॉइलभोवती चादर धरतो आणि पुढच्या मालाची उष्णता कॉइलपर्यंत पोचू देत नाही. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेला की मशीन रिकामं करून बर्फ वितळव. माल तेवढा वेळ दुसऱ्या फ्रीजरमध्ये किंवा थर्मोकोलच्या पेटीत ठेव. चाकू, पेचकस, उलथनं यांना हात लावू नकोस. आतली नळी पातळ असते, एक टोचा लागला की गॅस गेला आणि मशीनही गेलं. झाकण उघडं ठेव, आत गरम पाण्याचं पातेलं ठेव, बर्फ आपोआप सुटतो.

पेटीचा फ्रीजर वरून उघडतो हे त्याचं मोठं पुण्य. गार हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती बरीचशी आतच बसून राहते. उभ्या कपाटाचं दार उघडलं की ती पायांवर सांडते आणि वरून गरम हवा आत जाते. म्हणून सारखा लागणारा माल उभ्या कूलरमध्ये हाताशी ठेव, साठ्याचा माल पेटीत. आइस्क्रीमच्या काचेच्या झाकणाच्या फ्रीजरवर दुकान बंद करताना जाड झाकण किंवा रजई घाल. काचेतून उष्णता भरलेल्या पत्र्यापेक्षा किती तरी जास्त शिरते. कोणत्या कप्प्यात काय आहे याची चिठ्ठी झाकणावर लाव. गिऱ्हाइकाशी बोलत बोलत उघड्या फ्रीजरमध्ये मटारची पिशवी शोधणारा पोरगा दिवसाकाठी किती उष्णता आत लोटतो, ते त्याला दिसत नाही.

गरम माल आत टाकायचा नाही, हे तुला तुझ्या आईनेही सांगितलं असेल. आकडा मी सांगतो. वीस लिटर दूध ८० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं म्हणजे पावणेदोन युनिटांच्या आसपास उष्णता काढायची. ३५ वरून आणायचं तर पाऊण युनिटाहूनही कमी. निम्म्याहून जास्त ओझं बाहेरचा वारा फुकट उचलतो. मात्र गरम खवा सबंध दुपार उघडा ठेवून "निवू दे" म्हणायचं नाही. परातीत पातळ पसरव, पंख्याखाली किंवा परात गार पाण्यात ठेवून निवव आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे. वीज वाचवण्यासाठी कुणाच्या पोटाशी खेळायचं नाही.

मालाची रचना करताना आतल्या पंख्याचं तोंड आणि मागची भिंत मोकळी ठेव. कूलर गच्च भरला की पुढचा माल गरम राहतो, मग कुणीतरी बटण सातावर नेतं, मग मागचा माल गोठतो. पेटीच्या फ्रीजरला मात्र भरलेलं पोट चांगलं. लाइट गेली आणि झाकण उघडलं नाही, तर भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. रिकामी जागा उरत असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव.

दिव्याकडे कुणी लक्ष देत नाही. जुन्या कूलरमध्ये ट्यूबलाइट असते, चोकसकट ४५ वॅटच्या आसपास. ती वीज खाते आणि तिची सगळी उष्णता आतच राहते. ती काढायला कॉम्प्रेसर पुन्हा वीज खातो. १० वॅटची एलईडी पट्टी बसव आणि रात्री दिवा बंद कर. ज्या कूलरमध्ये फक्त पाणी आणि बाटलीबंद पेयं आहेत तो टायमर लावून रात्री बंद ठेवता येतो, दुकान उघडण्याआधी दोन तास सुरू होईल असा. दूध, पनीर, खवा असलेल्या मशीनला मात्र हा प्रयोग कदापि करायचा नाही.

दुकानाच्या तोंडाशी उभा असलेला रंगीत कूलर पेयांच्या कंपनीने फुकट दिलेला आहे, असं तू कौतुकाने लिहिलंस. अशा कूलरचं मशीन फुकट असतं, वीज तुझी असते. तो दारात, दुपारच्या उन्हात उभा आहे, कारण कंपनीला तो रस्त्यावरून दिसायला हवा. उन्हात काच तापते, आत उष्णता शिरते, कंडेन्सरलाही गरम हवा मिळते. जिनेही वाढले आणि पोतीही. त्याला चार हात आत घे किंवा वर छपराची पट्टी ओढ. आठवडाभर त्याची वीज मोज आणि त्यातल्या मालावरच्या नफ्याशी ताडून पाहा. हिशेब जमला नाही तर गोड बोलून परत कर.

पूर्वीच्या लोकांना हे शिकवावं लागत नव्हतं, कारण त्यांना तोटा डोळ्यांनी दिसायचा. १८३३ साली बोस्टनहून कोलकात्याला पहिल्यांदा बर्फाचं जहाज आलं. निघताना बर्फ १८० टनांच्या आसपास होता, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला. एवढा उरला तोही उष्णता अडवणाऱ्या आवरणात जपून आणला म्हणून. मोअज्जमजाही मार्केटात हाताने फिरवलेलं आइस्क्रीम खायला जातेस ना? त्या पिंपात बर्फ आणि मीठ असतं. नुसता बर्फ शून्य अंशांवर वितळतो, मीठ मिसळलं की मिश्रण उणे २१ पर्यंत उतरू शकतं. तो कारागीर पिंप उन्हात ठेवत नाही, झाकण उगाच उघडत नाही. तुझ्याच बाजारातला मासळीवाला थर्मोकोलच्या पेटीचं झाकण किती जपतो, पाहा. पाणी वाहताना दिसलं की माणूस आपोआप शहाणा होतो. विजेच्या फ्रिजमध्ये हेच वितळणं तारेतून जातं आणि महिनाअखेर कागदावर येतं. म्हणून मोजावं लागतं.

मोजायचं कसं? प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा छोटा वॅटमीटर बाजारात मिळतो. एका मशीनला एक आठवडा लाव, आकडा वहीत लिही, मग दुसऱ्याला. दुकानी जोडणीचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धर. ४०० वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाला १८ तास चालत असेल तर ७.२ युनिटं जातात. सफाई, रबर आणि जागा एवढ्याने तो १२ तासांवर आला तर ४.८. रोज २.४ युनिटं, वर्षाला ८७६, म्हणजे एका मशीनमागे ८,७६० रुपये. दर महिन्याला झाडूकाम करणाऱ्या पोराला यातून चांगली बक्षिसी देऊनही उरेल, आणि दे, म्हणजे तो विसरणार नाही.

मिस्त्री बोलावशील तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव. पहिलंच वाक्य "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" असं आलं तर विचार, "गळती कुठे आहे?" गॅस बंद नळीत फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणार. चांगला मिस्त्री गळती शोधतो, व्हॅक्यूम पंप लावतो आणि मशीनच्या पाटीवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर तोलून भरतो. अंदाजाने भरलेला गॅस जास्त झाला तरी वीज वाढते, कमी झाला तरी वाढते. व्होल्टेज वरखाली होत असेल तर लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून मशीन सुरू करणारा स्टॅबिलायझर घे. नळीतला दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर सुरू करायला लावलास तर त्याचं वाइंडिंग जळतं.

हे सगळं करूनही एखादं मशीन चोवीस तास थांबत नसेल, त्याचा पत्रा बाहेरून पाझरत असेल, आतलं इन्सुलेशन पाणी पिऊन बसलं असेल, तर ते काढ; तिथे माझीही हरकत नाही. नवं घेताना दुकानदार लिटर आणि सवलत सांगेल. तू वर्षाची युनिटं विचार. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२० साली डीप फ्रीजरसाठी ताऱ्यांचं लेबल सुरू केलं. ताऱ्यांपेक्षा त्यावरचा वार्षिक युनिटांचा आकडा वाच, ३६५ ने भाग आणि आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो, बेगम बाजारातला मे महिना त्यात धरलेला नसतो. तरी दोन मॉडेलांची तुलना करायला तो चांगला. गरजेपेक्षा मोठं घेऊ नकोस, रिकाम्या जागेलाही गार ठेवावं लागतं.

पाटीवर गॅस कोणता आहे तेही पाहा. जुन्या मशीनांत आर-१३४ए किंवा आर-४०४ए असतो. हवेत सुटला तर पहिला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आणि दुसरा सुमारे ३,९०० पट उष्णता धरून ठेवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याचा आकडा तीनच्या आसपास, आणि वीजही बहुधा कमी लागते. २०१६ साली रवांडातल्या किगाली शहरात जगातल्या देशांनी या पहिल्या दोघांच्या जातीचे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं, भारताने त्याला २०२१ साली मान्यता दिली. म्हणजे आज आर-४०४ए चं मशीन घेतलंस तर पुढे त्याचा गॅस महाग आणि दुर्मीळ होत जाणार. प्रोपेन पेट घेतो हे मात्र विसरू नकोस. मशीनमध्ये तो मोजक्या ग्रॅमांत असतो, पण दुरुस्ती त्याचं शिक्षण घेतलेल्याकडूनच करून घे आणि नळीला आच लावायला कुणालाही परस्पर देऊ नकोस. जुनं मशीन भंगारात देताना त्यातला गॅस हवेत न सोडता काढून घेणारा माणूस शोध.

तर कामाचा क्रम असा. या आठवड्यात कंडेन्सर साफ आणि पोती बाजूला. पुढच्या आठवड्यात थर्मामीटर, नंबर खाली, अक्रोड बाहेर. मग रबर, दिवे, शटरची जाळी, एक्झॉस्ट. तोवर वही भरत राहील. नव्या मशीनचा विषय दिवाळीआधी काढायचा नाही.

फायदा झाला की नाही हे पाहताना मे महिन्याचं बिल जुलैच्या बिलाशी ताडू नकोस. पाऊस पडला की हवा गार होते, जिने आपोआप कमी होतात आणि बिल तुझ्या कर्तबगारीशिवायही उतरतं. गेल्या वर्षीच्या जुलैचं बिल काढ आणि त्याच्याशी लाव. तेही रुपये सोडून युनिटं बघ, कारण दर बदलतात. सासऱ्यांकडे जुनी बिलं फाइल करून ठेवलेली असणार, व्यापारी माणूस कागद फेकत नाही. दोन्ही आकडे मला कळव. युनिटं उतरली नसतील तर वहीही पाठव, कोणत्या मशीनचं दुखणं राहिलं ते तिच्यावरून सांगता येईल.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
मामा